पहिली तारीख आणि काकांची चिठ्ठी

मंडळी, आज मी एका काकांना इथल्या काउंटी कोर्टात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, घेऊन गेले होते. नाव सांगत नाही. रिटायर्ड इंजिनियर, आमच्या शेजारी राहतात.

मागे एकदा एका वळणावर त्यांच्या गाडीचा धक्का लागून सायकलवरच्या बाईचा पाय मोडला. काका घाबरून घरी आले आणि दहा मिनिटांनी स्वतःच परत गेले. पण तिथून निघून जाणं हाच इथे गुन्हा.

वकीलबाईंनी बजावलं होतं, पहिल्या तारखेला फक्त 'नॉट गिल्टी' म्हणायचं. त्याने केस पुढे सरकते, इतकंच.

जजने विचारलं तेव्हा काका गप्प उभे राहिले. शेवटी वकीलबाईंनीच उत्तर दिलं. पुढची तारीख मिळाली. सगळं मिळून तीन मिनिटं.

बाहेर काका म्हणाले, "मी गेलो होतो ना गं निघून. आणि तिचा पाय कसा आहे, हे कोणी विचारलंच नाही."

मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्या बाईची माफी मागणारी. केस संपेपर्यंत तिच्याशी काहीही संपर्क करायचा नाही, अशी कोर्टाची ऑर्डर आहे.

"तुझ्याकडे ठेव," म्हणाले. "माझ्याकडे राहिली तर मी पोस्ट करून टाकेन."

चिठ्ठी आता माझ्या टेबलावर आहे. तुम्ही ठेवून घेतली असती?