पत्रकातल्या चुका

लॉस एंजेलिसहून सकाळी सहाला निघालो आणि सातच्या आत मी काकांना गद्दार म्हणून मोकळी झाले होते.

काका म्हणजे बाबांचे जुने सोबती. दोघांनी मिळून कामगारांसाठी पत्रकं काढली, भिंतींवर चिकटवली, एकदा तुरुंगही पाहिला. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. मग काका अमेरिकेत आले आणि इंजिनिअरची नोकरी धरून बसले. मी ॲन आर्बरला शिकत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे आले होते. काकूंच्या हौसेखातर आम्ही लास व्हेगासला चाललो होतो. तिथल्या हॉटेलचा फोटो त्यांनी वर्षभर फ्रिजवर लावून ठेवला होता.

बार्स्टो गाव मागे पडलं. दोन्हीकडे करडी माती, वाळकी झुडपं, भाजून निघालेले डोंगर. इंजिन तापू नये म्हणून चढावर एसी बंद करा, अशी पाटी आली. काकांनी निमूट बंद केला. मला तेही खटकलं. इथे येऊन काय कमावलंत, असं मी पुन्हा पुन्हा विचारत होते. ते इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

"अगं, त्यांना ड्राइव्ह करू दे," काकू म्हणाल्या. "पुढच्या गावी, बेकरला थांबलो की भांड."

बेकरला पेट्रोल पंपाच्या सावलीत आम्ही पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. तिथेही मीच बोलले.

दुपारी हॉटेलसमोर पोचलो तर दाराशी संप. खोल्या साफ करणाऱ्या बायका, आचारी, वाढपी, सगळे फलक घेऊन उन्हात गोल फिरत होते. काका पलीकडे गाडी लावायला जागा शोधत होते. मला तहान लागली होती, मी आधीच उतरले. काकूंच्या वयाच्या एका बाईने माझ्या हातात पत्रक ठेवलं.

मी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. आजारपणाचा विमा हवा, रोज साफ करायच्या खोल्या कमी करा, तोवर गिऱ्हाइकांनी आत जाऊ नये, एवढंच. भांडवलाबद्दल अवाक्षर नाही आणि शेवटी मालकाला चक्क 'कृपया'. बाबांनी असलं पत्रक छापखान्यातून परत आणलं असतं. भित्र्यांची लढाई, आपली नव्हे, असं मी दहा पावलांत ठरवलं. बाई बाजूला झाली. मी आत गेले.

आत इतकं गार होतं की अंगावर काटा आला. पोटभर पाणी प्यायले, तोंड धुतलं, जुगाराच्या यंत्रांच्या खडखडाटात त्या दोघांची वाट बघत उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली तरी कोणी आलं नाही.

बाहेर आले तर दोघं पलीकडच्या फुटपाथवर उभी. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हातात तेच पत्रक.

"रूम कॅन्सल केली," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या फोनवरून."

मी पत्रकातल्या चुका सांगू लागले. मागण्या किरकोळ आहेत, भाषा मिळमिळीत आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

"तुझ्या बापाला यातलं काही कळवू नकोस," ते म्हणाले. "त्याला झेपणार नाही."

आम्ही तसेच परत फिरलो.

त्या आठवड्यात मी बाबांना दोन पानी पत्र लिहिलं. सगळं वाळवंटाबद्दल.