आभाळातून उतरलेली सोंड

किरनापूरजवळच्या गावात माझं माहेर. आई गेल्यापासून बाबा तिथं एकटे राहतात, एक म्हैस पाळतात. ऐकू कमी येतं त्यांना. दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी त्यांच्याकडे गेले होते.

त्या दिवशी दुपारपासून विजा कडकडत होत्या. चारच्या सुमारास गारा सुरू झाल्या. बाबा ओसरीत खाटेवर झोपलेले, मी आत कपडे घडी करत होते. तेवढ्यात समोरच्या घरातली काकू डोक्यावर घमेलं धरून धावत आली.

"काहून बसून राह्यली? बाबाले उठव. शेताकडं पाय, आभाळातून सोंड उतरून राह्यली!"

मी बाहेर पाहिलं. धानाच्या बांध्यांवर काळपट भोवरा फिरत होता आणि त्यात पळसाच्या फांद्या, तणसाच्या पेंढ्या वर वर जात होत्या. काकूनं कोपऱ्यातला विळा उचलला, गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं कापलं, परत येऊन बाबांचा हात धरला. ते कुरकुरले, "अवो, म्हैस…"

"म्हैस गेली मोकळी. तुम्ही चाला, भाऊ."

तिच्या घराला पुढं स्लॅबची एक खोली होती. आम्ही तिघं तिथं भिंतीला चिकटून बसलो. बाहेर मळणीचं यंत्र अंगावरून जावं तसा आवाज आला. एक-दोन मिनिटंच असेल. मी काकूचा पदर मुठीत धरला होता, हे नंतर कळलं.

बाहेर आलो तर आमच्या गोठ्याचे टिनाचे पत्रे दूर शेताच्या बांधीत पडलेले. ओसरीच्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, उडाली होती आणि त्यांना आधार देणारी आडवी बल्ली नेमकी खाटेवर कोसळली होती. खाटेचे दोन तुकडे. बाबा बराच वेळ तिथंच उभे राहिले.

काकूच्या मागच्या रांधणीखोलीचं छप्परही गेलं होतं, वाळवलेली मोहाची फुलं सगळी चिखलात. तरी तिनं अंगणात तीन विटा मांडून आधी आम्हाला चहा दिला. म्हैस संध्याकाळी तळ्याकाठी सापडली, कान थोडा फाटलेला.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं बांबू आणि गोळा केलेले टिन घेऊन आमच्या गोठ्याशी आली. बाबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"पह्यले तिच्या रांधणीवर टाका."

काकू म्हणाली, "माह्यं होईल ना, भाऊ. म्हैस उन्हात हाय."

"राहू दे उन्हात," बाबा म्हणाले आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस स्वतः शिडी धरायला गेला.

मी सासरी असते; बाबांचा सकाळ-संध्याकाळचा चहा अजून काकूच्याच हातचा असतो. फोनवर मी तिचे आभार मानायला गेले की ती म्हणते, "हौ, हौ, समजलं," आणि फोन बाबांकडे देते.