रिठावरची नाणी

“नाण्याच्या तोंडाले बोट लावू नका, भाऊ. कडेनं धराचं.”

सुट्टे पैसे परत घेताना काकाजी हे वाक्य न चुकता म्हणायचे. समोर असायचं टपरीवरून फिरत आलेलं दोन रुपयांचं कळकट नाणं. ते चिमटीत कडेनं धरायचे, उजेडाकडे करायचे, उलटंपालटं पाहायचे आणि मगच खिशात टाकायचे. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करत राहायचं. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आपण त्यांना बिनकामाची म्हणतो आणि चार दिवस दिसली नाहीत की चुकल्यासारखं होतं.

बाभुळगावात स्टँडजवळ माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि त्यात घालायचं पाणी. काकाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, जवळच्याच एका खेड्यात राहणारे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बॅटरीच्या पाण्याचा कॅन मागितला.

“गाडी कोणती हाय काकाजी?”

“गाडी नाही.”

“मंग इन्व्हर्टर?”

“थोही नाही. पैसे भिजू घालाचे हाये.”

उन्हाचे दिवस होते. मी आधी त्यांना खुर्ची दिली आणि माठातलं पाणी पाजलं.

डोकं ठिकाणावर होतं. त्यांनीच मला समजावलं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते जुन्या तांब्याला खातात. बॅटरीच्या पाण्यात काहीच नसतं. त्यात नाणं महिनोन्‌महिने ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, की शेकडो वर्षांची माती आपणहून सुटते. मी आयुष्यभर ते पाणी विकतोय, त्याचा असाही उपयोग असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

या नादाची सुरुवात काकूंच्या जोडव्यापासून झाली. कापूस वेचताना त्यांच्या पायातलं जोडवं शेतात पडलं. पुण्यातल्या मुलानं जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवून दिलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि कानाला लावायला हेडफोन. जोडवं काही सापडलं नाही. सापडली एक शिवराई, मातीनं भरलेली, हिरवीगार. काकाजींनी ती आठवडाभर वाटीत भिजवली आणि एका सकाळी तिच्यावर ‘पति’ एवढी दोन अक्षरं दिसली. छत्रपतीतला पति. तेव्हापासून काकू म्हणायच्या, “माहं जोडवं गेलं त गेलं, सोबत नवराही गेला.”

पुढे वेचणीच्या दिवसांत कोणाचं डोरलं पडलं, कोणाच्या कानातलं पडलं की काकाजींना बोलावणं यायचं. हेडफोन लावून ते तासनतास पऱ्हाटीच्या ओळींमधून चालायचे. बहुतेक वेळा निघायचे वखराचे नट, गुटख्याच्या पुड्या आणि बाटल्यांची बुचं. बाई रडकुंडीला यायची. मग काकाजी तिला सांगायचे, “मशीन खोटं बोलत नाही माय. पण पुरतं खरंही सांगत नाही.” चहा घ्यायचे आणि परत निघायचे.

त्यांना सगळं कळत होतं असं मात्र समजू नका. एकदा भोक पडलेलं एक गोल चकतं घेऊन आले. इंग्रजांच्या काळातला भोकाचा पैसा आहे म्हणून त्यांनी माझ्याशी पैज लावली होती. पंधरा दिवस भिजवलं, बाभळीच्या काट्यानं कोरलं आणि निघालं ट्रॅक्टरचं वायसर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. स्टँडवर ही गोष्ट मीच पसरवली. काकाजी स्वतः सर्वांत जास्त हसले.

हातात काटा घेऊन ते खिडकीशी बसत तेव्हा पाहण्यासारखं असे. बाभळीचाच काटा हवा, सुई नको, सुईनं ओरखडा जातो. भिंग एका डोळ्याला. मातीचा तिळाएवढा कण निघाला की काटा खाली ठेवायचा आणि श्वास सोडायचा. हिरवा थर गुळगुळीत असेल तर त्याला हात लावायचा नाही. “थे हिरवं म्हणजे मळ नाही, भाऊ. अक्षर त्यातच असते. हिरवं गेलं का अक्षरही गेलं.” घरातल्या सगळ्या वाट्या खिडकीत मांडलेल्या असायच्या. काकू कपाळाला हात लावायच्या. “वाटी म्हणून राह्यली नाही घरात. पाहुण्याले वरण ओंजळीत वाढू काय?”

त्यांच्या गावाबाहेर, नाल्याच्या काठाला, पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा होता. कधीकाळी नांदून ओस पडलेल्या गावाच्या अशा जागेला आमच्याकडे रिठ म्हणतात. लोक तिथली माती घर सारवायला आणत, बाकी कोणी फिरकत नसे. काकाजींना चांगली नाणी मिळाली ती या रिठाच्या पायथ्याशी, पावसानं धुऊन आलेली. त्यांनी ती तहसीलमध्ये नेऊन दाखवली, कारण जमिनीत सापडलेलं सरकारचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. तिथल्या बाबूनं हात जोडले. “सध्या घरीच ठेवा, काका. पुरातत्त्व खात्याचे साहेब आले की कळवतो.”

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. भरावाला माती हवी होती आणि रिठाएवढी सोपी माती कुठे मिळणार? एका बाजूनं पोकलेन लागलं. टिप्पर भरभरून जाऊ लागले. काकाजी रोज जाऊन समोर उभे राहत. ड्रायव्हर हॉर्न वाजवी आणि वळसा घालून जाई.

“कायले जीव जाळून राह्यले, काकाजी?” मी विचारलं. “मातीच त हाय.”

काकाजी म्हणाले, “जिंदगीभर लोकायले इचारलं, कुठून बसले, कुठं उतरता. या रिठातल्या लोकायले कोनीच नाही इचारलं, भाऊ. यायच्या चुली हायेत तिथं. एकदा टिप्परमदे गेलं का इचाराची जागाच संपली.”

सरपंच तसे भले होते. म्हणाले, साहेबांनी जागा जुनी आहे एवढं लिहून दिलं तर काम थांबवतो, ठेकेदार दुसरीकडून माती आणेल. पण साहेबांनी लिहून द्यायला काहीतरी हवं होतं. खापरं त्या जागी ढिगानं होती, पण खापराला कोण विचारतो?

आणि तेव्हाच काकाजींच्या वाटीत हत्ती उगवला. रिठावर मिळालेल्या त्या जाड, ओबडधोबड नाण्यांपैकी एकावर आधी सोंड दिसली, मग पाय, मग कडेला तीन-चार अक्षरांच्या वाकड्या रेघा. बाकीच्यांवरही काही ना काही डोकावू लागलं. काकाजी जीपमधून उतरले ते धापा टाकतच दुकानात आले आणि मला ओढून घरी घेऊन गेले. मी मोबाइलवर फोटो काढला. पाण्यातून काढलेला, चमक मारणारा, जेमतेम फोटो. नाणं बाहेर काढायला ते तयार नव्हते. “अजून जरा राहू द्या. अक्षर उघडून राह्यलं.” दोन हजार वर्षांचं तरी असेल, असं त्यांना वाटत होतं. वाचनालयातल्या एका पुस्तकात तसंच चित्र होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मलाही तसंच वाटायला लागलं. साहेबांचा निरोप आला होता, दिवाळी झाली की येतो.

दिवाळीच्या फराळाला मी त्यांच्याकडे गेलो. लक्ष्मीपूजन झालेलं, पाटावर हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि तांब्याचं ताम्हन. ताम्हनात ती सगळी नाणी. नव्या भांड्यासारखी लखलखीत, लालबुंद. आपल्याकडे धनतेरसला देवघरातला प्रत्येक धातू चिंच-मीठ लावून घासतात, तशी काकूंनी ती घासली होती.

काकू हौसेनं सांगत होत्या. “हे वर्षभर डोळे फोडून काट्यानं कोरून राह्यले ना, भाऊ. डोळ्यातून पाणी येते यायच्या. म्हटलं, एवढं एक काम मी करून टाकतो. चिंच लावली अन् एका दुपारी सगळे निघाले पाह्य.”

मी काकाजींकडे पाहिलं. ते एक नाणं उचलून उजेडाकडे धरून पाहत होते. दोन्ही बाजू पाहिल्या. हत्तीच्या जागी गुळगुळीत लाल तांबं होतं. त्यांनी ते नाणं हळूच ताम्हनात ठेवलं.

“लय चमकवले तुवा,” ते म्हणाले. “लक्ष्मी खुश झाली असन.”

काकूंचा चेहरा असा फुलला की मी तोंडात घातलेली चकली चावायची विसरलो. परत येताना काकाजी मला फाट्यापर्यंत सोडायला आले. तिथं उभे राहून एवढंच म्हणाले, “तिले काही सांगजा नका, भाऊ.”

साहेब आले. तरुण होते, वाईट माणूस नव्हते. रिठावर गेले, खापरं पाहिली, म्हणाले की खापरं या भागात जागोजागी मिळतात, वरिष्ठांना काम थांबवायला सांगायचं तर हातात पक्कं काहीतरी हवं. माझ्या मोबाइलवरचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. हत्ती म्हणा नाहीतर डुक्कर म्हणा, दोन्ही खपलं असतं. मग काकाजींनी नाणी पुढं ठेवली.

साहेबांचा चेहरा उतरला. “ही कोणी घासली?”

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

“म्या,” काकाजी म्हणाले. “म्याच घासले साहेब. सण होता, वाटलं चमकवावे.”

“काका, तुम्ही वर्षानुवर्षं हे करता आणि एवढं कळू नये? याच्यावर जे होतं ते गेलं. आता कोणीही आलं तरी वाचू शकणार नाही. होता तो पुरावा तुम्ही तुमच्या हातानं पुसलात.”

“हाव जी,” काकाजी म्हणाले. “चुकलं माहं.”

मला काकाजींचा इतका राग आला की उठून खरं सांगून टाकावंसं वाटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी बसून राहिलो. काकूंनी आत येऊन कप ठेवले आणि मागच्या दारानं निघून गेल्या. चहात साखर नव्हती. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

नवरा-बायकोत यावर पुढे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. बहुधा झालंच नसावं. कळवतो म्हणून गेलेल्या साहेबांची बदली झाली. हिवाळा संपायच्या आत रिठाच्या जागी खड्डा झाला आणि पुढच्या पावसात त्यात पाणी साचून म्हशी बसू लागल्या. गावातल्या कोणाला काही वाटलं नाही. वाटायला काय होतं? रस्ता मात्र झकास झाला, मी स्वतः त्यावरून रोज जातो.

एकदा मी त्यांना गाडीवर मागे बसवून त्याच रस्त्यानं यवतमाळला दवाखान्यात नेत होतो. भरावाच्या टप्प्यावर आलो तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हळू घ्या, भाऊ. त्यायच्या घरायवरून चालून राह्यलो.” मी गाडी हळू केली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, शेवटी मला वेग वाढवावा लागला.

त्यानंतर त्यांनी पाण्याचा कॅन कधी नेला नाही. यंत्र खुंटीला लागलं. कोणाचं डोरलं पडलं तरी ते “आता मले ऐकू येत नाही” म्हणून टाळत. त्यांना ऐकू चांगलं येत होतं. दुकानात येऊन खुर्चीवर बसत, रस्त्याकडे बघत आणि शेवटच्या जीपनं परत जात. मी थट्टा करून पाहिली, वायसरची गोष्ट पुन्हा काढली, ते तोंडदेखलं हसले. माणूस समोर बसलेला असतो आणि आपल्याला काहीही करता येत नाही. ते किती वाईट असतं, ते मी त्या महिन्यांत शिकलो. उन्हाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी काकूंनी निरोप पाठवला. मी गेलो. घरात खिडकी रिकामी होती आणि वाट्या परत मांडणीवर लागल्या होत्या. काकू मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. न्हाणीच्या कडेला, जिथं सांडपाणी जातं तिथं, ओल्या मातीचा एक लहानसा चौकोन होता. त्याभोवती त्यांनी दगड लावले होते, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून.

“थे पैसे इथं पुरले म्या,” त्या म्हणाल्या. “रोज पाणी टाकतो. मातीत राह्यले का पुन्हा हिरवे होतीन ना, भाऊ? यायनं सांगतलं होतं, अक्षर हिरव्यातच असते म्हणून. किती दिवस लागन?”

नाही म्हणायचा धीर मला झाला नाही.

“लागतीन काही वर्षं,” मी म्हणालो.

“मंग मी काही राहत नाही तोपर्यंत. तुम्ही ध्यान ठेवजा.” त्यांनी खाली वाकून एक दगड नीट केला. “अक्षरं आले का त्या साहेबाले बोलावजा. अन् त्याले सांगजा, यायनं नव्हते घासले. म्या घासले.”