ब्रेकवरचा पाय

काल अंगणात मुलानं ब्रेक ऑइलचा डबा उघडला आणि त्या वासानं माझे कान तापले. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. सासऱ्यांच्या जुन्या जीपचा ब्रेक मऊ पडलेला. नवरा शिरोलीला ड्यूटीवर, म्हणून मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मलाच ब्रेक दाबून धरायला बसवलं आणि स्वतः खाली झोपून, चाकाजवळचा नट सैल करून नळीतली हवा काढू लागले. "सोड म्हणंपतूर पाय उचलायचा न्हाय." तेवढ्यात थोरले दीर फाटकातून आले. त्यांच्यासमोर बसून कसं राहायचं, म्हणून पदर सावरत मी खाली उतरले. हवा पुन्हा आत. दीर हसले. मामा जीपखालूनच म्हणाले, "आता कोण बी येऊ दे, बस तू." मला तोंड लपवायला जागा नव्हती. काल ब्रेकवर पाय ठेवून सून बसली होती. मला बघून ती उठायला लागली, तशी मी ओरडलेच, "बस खाली."