आक्काचा पाय

डॉक्टरांनी माझा डावा पाय सरळ वर उचलला, मी ओरडलो, तेव्हा ते म्हणाले, "स्लिप डिस्क." दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते, ती सरकली की पायाकडे जाणारी शीर दाबली जाते, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "कुणी चोळलं, तुडवलं होतं का?"

पडद्यापलीकडे माझी थोरली बहीण आक्का उभी होती. मी म्हटलं, "नाही."

झालं होतं असं. दिवेआगरच्या वाड्यांमध्ये पोफळींवर चढून सुपारी उतरवणं हा माझा धंदा. एकदा शेंड्यावर गेलो की झोका घेऊन शेजारची पोफळ धरायची, खाली यायचं कारणच नाही. एका सकाळी विहिरीवर घागर उचलली आणि कंबरेत अशी कळ आली की सरळ होता येईना. आमच्याकडे याला उसण भरली म्हणतात. औषधही ठरलेलं: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या पायाळू माणसाने कंबरेला पाय लावायचा. आक्का पायाळू. वाकडं होऊन येणाऱ्यांची ती यथेच्छ थट्टा करायची आणि मग पाय लावायची. तिला त्याचा मोठा अभिमान होता.

हळू लावून फरक पडेना. आई म्हणाली, "जोरात हाण गो, उद्या त्याला झाडावर चढायचं हाय." आक्काने टाच हाणली. माझा डावा पाय बधिर झाला.

बैलगाडीत आडवा घालून मला म्हसळ्याला नेलं, तिथून एसटीने अलिबागला. इस्पितळात फळीवर निजवून पायाला वजन टांगलं. याला ट्रॅक्शन म्हणतात; ओढ बसून शिरेवरचा दाब कमी होतो. आक्काने आपणच पाय हाणल्याचं कबूल केलं, तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, "गादी आधीच सरकली असेल. चालेल तो. झाडावर चढणं मात्र विसरा." तिने शेवटचं तेवढंच ऐकलं.

मी चालू लागलो. आता खाली बसून सुपारी सोलतो. तुमची कंबर अशी अचानक धरली तर जड उचलू नका, तुडवून घेऊ नका, पाय बधिर झाला तर डॉक्टर गाठा.

आक्काने पुन्हा कुणाला पाय लावला नाही. "न्हाय रे बाबा, माझ्या पायात काय न्हाय," म्हणून माणसं परत पाठवायची. भाऊबीजेला मी पाया पडू लागलो की पाय लुगड्यात ओढून घ्यायची. झाडं सुटली याचं दुःख होतंच, पण हे जास्त लागायचं.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. ज्या आठवड्यात वारली, त्याच आठवड्यात एकदा मी तिच्या पायथ्याशी पाठ करून बसलो.

"आक्का, उसण भरलीय. पाय लाव."

"नको रे."

"लाव गो."

बऱ्याच वेळाने तिची गार टाच माझ्या कंबरेला लागली.

"उतरली का रे?"

"उतरली, आक्का."

तिने पाय ओढून घेतला नाही. तसाच राहू दिला.