कपाट उघडं ठेवण्याचे पाच दिवस

आवाज ऐकू येण्याआधी खोकला ऐकू आला, आणि गोळीबाईचं लिहिणं थांबलं. दोन छोटे आणि मग एक लांब, असा खोकला. असं खोकणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता, आणि तो त्या क्षणी तिच्याच औषधाच्या दुकानात, तिच्याच स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना टूथपेस्ट विकत होता. तिचा सख्खा दादा. इथे वर्गात, टेबलावरच्या यंत्रातून, तोच दादा म्हणत होता, "बोलू का आता?"

गोळीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं औषधं विकली की लोक असं काहीतरी नाव पाडतातच. आणि तिच्या लोकांना नाव पाडायला वेळ लागत नसे, कारण ते होतेच मूठभर. एवढ्या मोठ्या शहरात त्यांची चारशे घरं, भाषा निराळी, तीही घराच्या उंबऱ्याआत बोलायची. एकाला शिंक आली की तिसऱ्या गल्लीतला रुमाल काढणार. अशा माणसांत दारू होती, गोळ्या होत्या, सगळं होतं, पण विचारलंत तर "आमच्यात नाही हो तसलं!" व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कुणी चढत नसे. परक्याच्या भाषेत दुखणं सांगता येत नाही, आणि आपल्या भाषेत सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटी केंद्रानेच डोकं चालवलं. त्यांच्यातलेच आठ शिकलेले लोक निवडले, वर्षभर शिकवायचं ठरवलं, म्हणजे परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र असलेले समुपदेशक होतील. गोळीबाई त्यातली एक. दुसरी दवाखान्यातली नर्स. एक वकील होता, त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. बाकी पाच मास्तर नि कारकून.

शिकवणाऱ्या मॅडम बाहेरच्या. बाई भली, अभ्यासू, पण गर्दीत वाढलेली. टेपवरून नाव पुसलं की माणूसही पुसला जातो, असं तिला प्रामाणिकपणे वाटे. प्रत्येकाने आपल्या एका क्लायंटशी झालेलं बोलणं, त्याची सही घेऊन, टेप करून द्यायचं होतं, सोबत कागदावर भाषांतर. ते फक्त मॅडम ऐकणार, अशी सगळ्यांची समजूत, आणि क्लायंटनाही तेच सांगितलेलं. त्या गुरुवारी मात्र मॅडमनी खोक्यात हात घातला, हाताला लागेल ती टेप काढली आणि "नाव-गाव काही नाही, निर्धास्त ऐका" म्हणून लावून दिली.

"बायको गेल्यापासून झोप नाही," दादा सांगत होता. "दोन वर्षं झाली. आधी झोपेची एक गोळी घ्यायचो. आता दिवसाला सहा. कधी आठ."

"कुठून आणता?" हा नर्सचा आवाज.

"बहिणीच्या दुकानातून. ती बाहेर गेली की मीच बसतो ना. कपाट उघडंच असतं."

"त्यांना माहीत आहे?"

यंत्रातून पुन्हा तोच खोकला आला. मग दादा म्हणाला, "तिला कळलं तर मी जगणार नाही. हे मी उगाच म्हणत नाहीये."

वर्गात आठ माणसं होती आणि आठही जणांना कळलं होतं. नर्सचा चेहरा राखेसारखा झाला होता. रेडिओ वहीच्या कोऱ्या पानावर काहीतरी वाचत होता. मॅडमना भाषा येत नसल्याने त्या भाषांतराच्या कागदावर बोट ठेवून एक ओळ मागून चालल्या होत्या, आणि समजल्यासारखी मान हलवत होत्या. टेपच्या शेवटी नर्सने दादाला मंगळवारी चारची वेळ दिली, केंद्रातल्या डॉक्टरांची. दादा म्हणाला, "येईन." म्हणाला खरा, पण त्याचं असं "येईन" गोळीबाई लहानपणापासून ओळखून होती.

"आता सांगा," मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची आहे? तुम्ही सांगा, तुम्ही तर औषधांच्या जाणकार."

बोट नेमकं गोळीबाईकडेच. तिने तोंड उघडलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

"बहिणीची."

"अगदी बरोबर!" म्हणत मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं.

वर्ग सुटल्यावर नर्सने तिला जिन्याखाली गाठलं. तिला रडू आवरत नव्हतं. "ताई, माझ्या तोंडात मार. मला वाटलं फक्त मॅडमच ऐकतील गं."

"आता काय करू ते सांग. कपाटाला कुलूप घालू?"

"अजिबात नको! कुलूप दिसलं की त्यांना कळणार तुला कळलंय. आणि गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येईल, हे मी तुला सांगायला हवं का?" नर्सने डोळे पुसले. "आज फोन केला तर घाबरून कुठेतरी निघून जातील. मंगळवारी डॉक्टरांसमोर मीच सांगते, टेप वर्गात लागली म्हणून. पायच धरते. तोवर तुला काही माहीत नाही. आणि त्यांना मंगळवारी चारला तिथे येऊ दे, बस."

बस म्हणे. गुरुवार ते मंगळवार पाच दिवस होतात, आणि भावंडं राहत होती दुकानामागच्या दोन खोल्यांत. आईवडील गेले तेव्हा गोळीबाई अकरा वर्षांची होती आणि दादा चोवीसचा. ऑफिसात नकाशे काढायचा, घरी आणूनही काढायचा, त्यावर तिचं औषधशास्त्राचं शिक्षण झालं. त्याच्याशी खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. आता सकाळी चहा ओतायचा म्हटला तरी ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघे, मग हाताकडे, मग आपण बघतोय म्हणून घाबरून भिंतीकडे.

तो न्हाणीघरात गेला की ती दाराबाहेर भांडी आवरत राही. पाण्याचा आवाज थांबला की तिचा श्वास थांबे. "दादा, साबण आहे ना?" असं तिने तीन दिवसांत अकरा वेळा विचारलं. "अगं, मी काय साबण खातो का?" दादा आतून ओरडला, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच जमिनीवर बसली.

आणि दुकानात तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काउंटरवर ती असली की मागच्या कपाटाचं दार करकरे. ती मान वळवत नसे. गिऱ्हाइकाला तेच औषध पुन्हा समजावून सांगे, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, आणि कान मागे. आज किती घेतल्या असतील? तीन? जास्त? ती उघडं कपाट ठेवून आपल्याच भावाला विष वाढते आहे, असं तिला वाटे. गेल्या वर्षी साठा कमी भरला म्हणून तिने होलसेलवाल्याला भर दुकानात चोर म्हटलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हा दादा शेजारीच उभा होता, चष्मा पुसत. तिला आता तो चष्मा पुसणारा हात आठवे आणि राग येण्याऐवजी आणखीच भीती वाटे. एवढ्या लाजेने माणूस दोन वर्षं जगला कसा?

सोमवारी दुपारी ती आत जेवत होती, म्हणजे ताटासमोर बसली होती, तेव्हा बाहेरून रेडिओचा आवाज आला. "काय दादा, एकटेच?"

तिच्या हातातला घास ताटात पडला. संपलं. रेडिओच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या चारशे घरांना ठाऊक होतं. ती दारामागे जाऊन उभी राहिली, पडदा मुठीत धरून. बाहेर पडायची हिंमत होईना.

रेडिओने खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. मग स्टूल ओढून बसला. मग पावसावर बोलला, मग आपल्या गुडघ्यावर, मग कोर्टातल्या पंख्यावर, जो चार वर्षं दुरुस्त होतोय. अर्धा तास बोलला. प्रत्येक वाक्याला गोळीबाईला वाटे, हे पुढचं वाक्य तेच. शेवटी "येतो दादा, तब्येत सांभाळा" म्हणून तो उठून गेला. पडद्यावर तिच्या मुठीच्या चुण्या तशाच राहिल्या.

मंगळवार उजाडला. तीन वाजले, सव्वातीन झाले. दादा काउंटरवर बसून होता. केंद्र तिथून पायी वीस मिनिटांवर. साडेतीनला त्याने वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र कालचं होतं.

"तुला कुठे जायचं असेल तर जा," तो म्हणाला. "मी आहे आज दिवसभर."

दिवसभर! बोलावं तर त्याने टेपवर सांगितलेलं खरं व्हायचं. न बोलावं तर आज चुकलेला माणूस पुन्हा जाणार नाही, सहाच्या आठ, आठच्या दहा होणार, आणि एका सकाळी न्हाणीघरातून उत्तर येणार नाही. नर्सने बजावलेलं, मॅडमनी शिकवलेलं, सगळं तिला पाठ होतं. घड्याळात चाराला वीस कमी होते.

"दादा," ती म्हणाली, "चारला तुला डॉक्टरांकडे जायचंय ना?"

वर्तमानपत्र हललं नाही. त्यामागचा माणूसही नाही. गोळीबाई उठली आणि बाहेर पडायच्या वाटेत, काउंटर आणि दार यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं?" दादाने विचारलं. "नर्सने?"

"नाही. तिचा दोष नाही. वर्गात टेप लागली. गुरुवारी."

"वर्गात." दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "किती जण होते?"

"आठ."

"रेडिओ?"

"रेडिओपण."

दादाने शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. "तो काल इथे बसला होता. अर्धा तास. पंख्याबद्दल बोलला."

"हो."

"त्याला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, दादा. पाच दिवस. आठ घरांत."

दादाने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. चारशे घरांत तो साठ वर्षं काढत आला होता. त्याला या लोकांकडून काय अपेक्षित होतं ते गोळीबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण तिलाही तेच अपेक्षित होतं.

"कुणीच काही बोललं नाही," तो स्वतःशी म्हणाला. मग एकदम, "आणि तू? कपाट?"

"उघडंच ठेवलं."

"मी घेत होतो ते कळत होतं?"

"दार करकरतं ना."

"भीती नाही वाटली तुला?"

"घास उतरला नाही घशाखाली पाच दिवस," गोळीबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "अजूनही वाटतेय. तू उठलास की वाटेल, बसलास की वाटेल. तू म्हणाला होतास, तिला कळलं तर..."

"म्हणालो होतो." दादा उठला. तिने नकळत दाराची चौकट धरली. "सोड ते दार. मी चपला बघतोय."

चारला पाच मिनिटं उशीर झाला. नर्स केंद्राच्या पायरीवरच उभी होती. त्या दोघांना एकत्र येताना बघून तिने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या हळूहळू उतरवायच्या, दर पंधरा दिवसांनी थोड्या कमी, पाच-सहा महिने तरी लागतील, मध्ये झोप उडेल, हात थरथरेल, फार उदास वाटेल. तसं वाटलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं.

"आणि गोळ्या कुणाच्या ताब्यात राहतील?" डॉक्टरांनी विचारलं. "घरी कुणाला माहीत आहे?"

गोळीबाईने नर्सकडे पाहिलं. बावीस वर्षं अख्ख्या वस्तीला गोळ्या मोजून दिलेली बाई, पण ही एक जबाबदारी कुणी दुसऱ्याने घ्यावी, असं तिला मनापासून वाटलं. नर्सने घ्यावी. डॉक्टरांनी घ्यावी.

"हिला माहीत आहे," दादा म्हणाला. तो डॉक्टरांकडे बघत नव्हता. "हिच्याकडे राहतील. आणि ए, घरी गेल्यावर त्या कपाटाला कुलूप घाल. माझ्यासमोर घाल."