डार्करूममधला गहिनीनाथ

एका सकाळी भिंगारहून नगरला कामावर जाताना गहिनीनाथ भिंगारदिवेच्या डाव्या पायातली वहाण वाटेतच राहिली, आणि ते त्याला कळलंही नाही. दवाखान्याच्या फाटकाशी कुणीतरी म्हणालं, "एकाच पायात वहाण का रं?" तेव्हा त्यानं खाली पाहिलं. तळव्याला खडा रुतून रक्त आलं होतं, पण दुखत मात्र काहीच नव्हतं.

साल एकोणीसशे एकाहत्तर. सतरा वर्षं गहिनीनाथ दवाखान्याच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली एक्स-रेच्या फिल्मा धूत होता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हजारो फिल्मा पाहून नजर तयार झालेली. डॉक्टर गंधेसुद्धा कधी गमतीनं विचारायचे, "काय गहिनीनाथ, काय वाटतं?" आणि त्याचं सहसा चुकायचं नाही.

पाठ दोन महिन्यांपासून धरली होती. वहाणेचं ऐकून गंधेंनी लगेच मणक्याचा फोटो काढायला लावला. फिल्म धुवायला अर्थातच त्याच्याच हातात आली.

पाण्यातून वर काढून त्यानं ती दिव्यासमोर धरली. पाठीच्या मधोमध एक मणका उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता. क्षय असता तर दोन मणक्यांमधली फट आधी बुजली असती. इथं फट शाबूत होती आणि हाडच खाल्लेलं. असे फोटो त्यानं पूर्वी पाहिले होते. त्यांतलं माणूस दुसऱ्या फोटोला क्वचितच यायचं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "सायेब, फिल्म खराब झाली. फिरून काढू कधीतरी."

फिल्म त्यानं सदऱ्याआड लपवून घरी नेली आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. गंधे फोटो पुन्हा काढायचं दोनदा म्हणाले. त्यानं दोन्ही वेळा कामाची सबब पुढं केली. घरात तो बोलेनासा झाला. नवव्या दिवशी अंथरुणातून उठताना दोन्ही पाय पिठाच्या पोत्यासारखे पडून राहिले. लघवीही अडली.

लुगडं काढायला ट्रंक उघडली तेव्हा त्याच्या बायकोच्या, मनकर्णाच्या हाती फिल्म लागली.

"ह्ये काय हाय?"

"माझं मरान हाय," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

"कुनी सांगितलं? डाक्टरनी?"

"मलाच दिसतंय."

"तू धुनारा हायेस, वाचनारा न्हाईस," असं म्हणून तिनं फिल्म पदराखाली घेतली आणि भिंगारपासून दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

फिल्म पाहताच गंधेंनी गाडी मागवली. त्याच दुपारी त्यांनी त्याला गाडीत घालून पुण्याला धाडलं. तिथं पाठीत सुई घालून औषध सोडलं आणि टेबल तिरपं केलं. फोटोत दिसणारं ते औषध खाली सरकता सरकता त्याच मणक्यापाशी अडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मज्जारज्जूला वेढून बसलेली रबरासारखी गाठ निघेल तितकी काढली आणि तिचा तुकडा तपासायला गेला.

निकाल येईना. एका तज्ज्ञाला कर्करोगाचा संशय, दुसऱ्याला तो पटेना. अकरा दिवस मनकर्णा व्हरांड्यात बसून होती. शेवटी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

"क्षय नाही. कर्करोगही दिसत नाही. ही सूजच आहे, पण गाठीसारखी वाढून हाड खाणारी. फार क्वचित सापडते."

"मंग बरं व्हईल न्हवं?"

"सुजेच्या गोळ्यांनी उतरेल. पुन्हा येणारच नाही, असं मात्र मी सांगू शकत नाही."

तीन महिन्यांनी उजवा पाय हलला. लघवी सुटली. वर्षभरात गहिनीनाथ काठीवर चालू लागला. डाव्या पायात जीव परतला नाही. ते आठ दिवस वाया गेले नसते तर कदाचित तोही वाचला असता, असं गंधे त्याला स्पष्टच म्हणाले. तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय सायेब."

पुढं त्याला केसपेपर लिहिण्याच्या खिडकीत बसवलं. दर सहा महिन्यांनी फोटो निघे. तीन वेळा तो स्वच्छ आला. चौथ्या वेळी गंधेंनी फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेळ उजेडासमोर धरली, भिंग मागवलं, आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा काढू."

गहिनीनाथनं फिल्म पाहायला मागितली नाही. मनकर्णानं मागितली.